रिकामी दिसणारी बाटली

उमरग्याजवळच्या एका फार्मसी कॉलेजात मी प्रयोगशाळा सांभाळते. काचसामान, रसायनं, नोंदवही आणि चाव्या माझ्याकडे.

एम.फार्म.च्या एका मुलीचा प्रबंध गांडुळाच्या मज्जातंतूवर होता. ती नळदुर्गहून रोज एसटीनं यायची. गांडुळं आमच्या शेतातल्या खताच्या टाकीतली. मीच डब्यातून न्यायची. मज्जातंतूत सोडियम शिरतं म्हणून संदेश पुढं सरकतो. ते शिरायची दारं बंद करणारं एक संयुग तिला हवं होतं. दारं बंद झाली की यंत्राच्या पडद्यावरची लाट आडवी होते. ते संयुग बाहेरच्या देशातून मागवलं, यायला तीन महिने लागले. तोवर प्रबंध द्यायला वीस दिवस उरले होते.

पार्सलच्या डब्यात बर्फाच्या पिशव्या आणि मधोमध करंगळीएवढी बाटली. 'फक्त प्रयोगशाळेतल्या संशोधनासाठी' असं वर छापलेलं. मुलीनं ती उजेडाला धरली.

"ताई, यात काहीच न्हाय ओ."

मी चष्मा लावून पाहिलं. मलाही काही दिसेना.

तिच्या मार्गदर्शक सरांनी बाटली घेतली, तिथंच पंख्याखाली झाकण काढलं आणि आत डोकावून पाहिलं. "रिकामीच पाठवलीय. परत करा, तक्रार लिहा."

मुलगी स्टुलावर बसली. पुन्हा तीन महिने म्हणजे तिची मुदत गेली.

मी आधी पंखा बंद केला. मग सरांच्या हातातून बाटली घेऊन झाकण लावलं. "यावर एक मिलिग्रॅम लिहिलंय सर. तेवढं डोळ्याला दिसायचं न्हाय. काचेला चिकटलेलं असंल."

"मग काढणार कसं? चमच्यानं?"

"वाटण काढल्यावर मिक्सरचं भांडं तसंच घासायला टाकतो का आपण? पाणी घालून विसळतो, ते पाणी आमटीत."

"बाई, हे काय स्वयंपाकघर आहे का?"

"असतं तर पिठाचा डबा उघडायच्या आधी पंखा बंद केला असता."

मुलीला हसू आलं, ते तिनं ओढणीत दाबलं.

हातमोजे, मास्क घालूनच पुढचं केलं. गांडुळाला गप्प करणारं माणसालाही करतं. बाटली फिरकी यंत्रात मिनिटभर फिरवली, म्हणजे झाकणाला लागलेलंही तळाशी येतं. मग मोजून द्रव थेट बाटलीतच सोडला. "झाकणपण विसळून घे," मी म्हटलं. पंख्यानं किती नेलं, हे मात्र कोणालाच सांगता येत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी गांडुळाच्या तंतूवर पहिले थेंब टाकले. लाट होती तशीच. मुलीनं माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, "मला काय विचारतेस? वाढव." दुसऱ्या वेळी लाट बुटकी झाली. तिसऱ्या वेळी आडवी रेघ. मिठाच्या पाण्यानं धुतल्यावर लाट परत उठली, म्हणजे तंतू मेला नव्हता, दारंच बंद झाली होती. मुलगी एकदाची डबा खायला गेली.

प्रबंध लिहिताना तिनं विचारलं, "ताई, पंख्याचं लिहू का? सर चिडतील."

"लिही. ठरलेल्यापेक्षा जास्त थेंब का लागले, हे वाचणाऱ्याला कळाया नको?"

तिनं लिहिलं: झाकण उघडताना पंखा सुरू होता, त्यामुळं द्रावणाची तीव्रता अंदाजे धरावी. सरांनी ते पान दोनदा वाचलं. 'पंखा' शब्दावर त्यांचं पेन थोडं थांबलं. मग काही न खोडता त्यांनी खाली सही केली.