विमलकाकूंच्या पत्रातली तीन वाक्यं

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. बाबांना नाही, डॉक्टरबाईंना नाही, आणि जिला मी सगळं सांगते असं समजलं जातं त्या मैत्रिणीलाही नाही. एकदोनदा तोंडापर्यंत आलं — आणि मी विषय बदलला. तुम्हाला सांगतेय, कारण तुमचा चेहरा मला दिसत नाही. हे काही शूरपणाचं कारण नव्हे, माहीत आहे मला.

सुरुवात कुठून करू? पत्रापासून केली तर वाटेल, एवढंच? काकूंच्या मरणापासून केली तर वाटेल, मीच काही केलं की काय. काकूंना कॅन्सर होता, त्या जाणारच होत्या. मी केलं ते वेगळं आहे, आणि त्याला काय म्हणायचं ते मला अजून नीट कळलेलं नाही. खोटेपणा? चोरी? की — आणि हे मनात येतं तेव्हा मी स्वतःवरच चिडते — मदत?

आधी माझ्याबद्दल सांगते. बाबा उज्जैनच्या एका गिरणीत होते, युनियनचे. आमच्या घरात सायक्लोस्टाइलची शाई कधी वाळली नाही. मी वाचायला शिकले ती पत्रकांवर, आणि पहिला शब्द ओळखला तो ‘साथियो’. पिठाची खळ करून भिंतींवर पत्रकं चिकटवणं हा माझा लहानपणीचा खेळ होता. गिरणी बंद पडली तेव्हा मी कॉलेजात होते आणि बायकांच्या एका मंडळासाठी पत्रकं लिहीत होते. मला चांगलं लिहिता येतं, हे मला फार लवकर कळलं. जरा जास्तच लवकर.

नोकऱ्या नव्हत्या. जिकडेतिकडे केबलच्या तारा आणि एसटीडीची पिवळी बूथं उगवत होती, आणि गिरणीतली माणसं टेम्पो चालवायला लागली होती. अशात फ्रीगंजमध्ये एका डॉक्टरबाईंनी आठ खाटांचं घर उघडलं — ज्यांना दवाखान्यांनी ‘आता घरी न्या’ सांगितलं, त्यांच्यासाठी. खाटांवर पांढऱ्या चादरी नाहीत, भैरवगढच्या छापाच्या, लाल-काळ्या. बाईंना पांढरा रंग खपायचा नाही. तिथे मला काम मिळालं. कागदावर माझं पद ‘समुपदेशक’ होतं, पण तो शब्द कुणाच्या जिभेवर बसेना. पेशंट मला ‘बातचीतवाली दीदी’ म्हणत.

इंदूरहून एक बाई येऊन आम्हाला तीन दिवस शिकवून गेल्या. मरणाऱ्या माणसाशी वाद घालायचा नाही. त्याचं म्हणणं सुधारायचं नाही. त्याला कुणाला पत्र लिहायचं असेल तर शब्द त्याचेच घ्यायचे — चुकीचे, तुटके, जसे येतील तसे. मग वाचून दाखवायचं, आणि सही. माणूस गेल्यावर घरच्यांबरोबर काही आठवडे बसायचं, ते बोलतील ते ऐकायचं. मी हे सगळं वहीत उतरवून घेतलं होतं. खाली दोन रेघाही मारल्या होत्या.

विमलकाकू पाच नंबरच्या खाटेवर होत्या. पंचावन्नच्या आसपास. त्यांना आणलं त्यांच्या थोरल्या भावानं — रेल्वेतून रिटायर झालेले, सगळे त्यांना दादाच म्हणत. मला बघून पहिल्याच दिवशी म्हणाले, “काय बेटा, सगळं प्रायव्हेट होऊन राहिलं, आता रडायला पण माणूस ठेवायचा?” काकू हसल्या. “दादा, गप्प बसा ना. पोरगी घाबरेल.” मी कसली घाबरते.

काकूंची गोष्ट मला तुकड्यातुकड्यांनी कळली. नवरा देवासला बँकेत. मूलबाळ नाही. सासूला लकवा झाला आणि काकूंनी नऊ वर्षं तिचं सगळं केलं — अंघोळ, शी-शू, भरवणं. नवरा वाईट नव्हता, म्हणायच्या त्या. मारलं नाही कधी. फक्त बोलायचा नाही. संध्याकाळी येणार, जेवणार, पेपर वाचणार. नऊ वर्षांत त्यानं एकदाही विचारलं नाही, तू दमलीस का? आणि एका सकाळी काकू सासूला चहा पाजून, कप धुऊन, पिशवी घेऊन उज्जैनच्या बसमध्ये बसल्या. दादांच्या घरी, मागच्या खोलीत. महिन्याच्या आत सासू गेली. काकू तेराव्यालाही गेल्या नाहीत. पुढे सात वर्षं एका बालवाडीत शिकवलं.

तुम्ही सांगा, मी हे ऐकलं तेव्हा मला काय वाटलं असेल? मी अशा बाईवर पत्रकं लिहिली होती — तिला न भेटताच. आणि आता ती माझ्यासमोर झोपलेली होती, मला ‘बेटा’ म्हणत होती.

एका मंगळवारी काकू म्हणाल्या, यांना पत्र लिहायचंय. मी म्हटलं, फोन करूया की. तर म्हणाल्या, “फोनवर यांना काही बोलता येत नाही.” त्यांची नजर तोवर गेल्यासारखी झाली होती, चष्म्यानंही अक्षर लागत नव्हतं. मी पॅड घेऊन बसले. त्या सांगत होत्या ते साधारण असं होतं — आईंना तशा हालतीत सोडून मी निघून आली, ते मला नव्हतं करायला पाहिजे. शेवटी त्या माझं नाव घेत होत्या असं मला कळलं होतं, तरी मी नाही आली. मला माफ करून द्या. येता आलं तर या, मी वाट बघतेय.

मी थांबले. पेन थांबलं. माफी? कुणी, कुणाची मागायची?  आयुष्यभर जिनं दुसऱ्याची घाण काढली, ती आता, श्वास पुरत नसताना, त्या पेपर वाचणाऱ्या माणसापुढे हात जोडणार — आणि ते माझ्या अक्षरात?

मी लिहिलं: ‘मी निघाले, कारण मला जगायचं होतं. त्याची मला लाज नाही. एका बाईला दारापर्यंत पोचायला नऊ वर्षं लागली, तर चूक तिच्या निघण्यात शोधू नका, त्या नऊ वर्षांत शोधा.’ तीन वाक्यं. सासूचा शेवट मी गाळला. माफी गाळली. आणि ‘मी वाट बघतेय’ हे मला इतकं लाचार वाटलं की त्याच्या जागी लिहिलं, ‘यायचं असेल तर या.’

मग वाचून दाखवलं. कागदाकडे बघत, अगदी हळू, शब्द न् शब्द — त्यांनी सांगितलेला. जो कागदावर नव्हता तो. काकू म्हणाल्या, “छान लिहिलंस गं.” आणि मी बोट ठेवलं तिथे त्यांनी सही केली.

एवढं सांगितलं, आणि वाटतं, झालं, सांगून टाकलं. पण नाही ना. हे तर फक्त पत्र झालं.

देवास इथून तासाभरावर. पत्र तीन दिवसांत पोचलं असणार. चौथ्या दिवसापासून काकू दुपारी विचारायला लागल्या, “देवासची बस आली का गं?” रोज. मी सांगायची, येतील, बँकेत सुट्टी मिळत नसेल. सातव्या दिवशी मी बूथवर गेले. रांगेत उभी राहिले. नंबर हातावर लिहिलेला होता. माझ्यापुढे एकच माणूस उरला होता तेव्हा मला कळलं की फोन उचलल्यावर मला पहिलं वाक्यच सांगता येणार नाही — आणि मी रांगेतून बाहेर पडले. का? भीती म्हणावी तर कुणाची? तो माणूस मला काय करणार होता? मला वाटतं, माझं वाक्य मोडायला नको होतं मला. वाटतं म्हणतेय. खात्री नाही.

अकराव्या दिवशी दुपारी काकू गेल्या. त्या दिवशी त्यांनी बसबद्दल विचारलं नाही.

काका — काकूंचा नवरा — आले ते दादांनी फोन केल्यावर. बारीक, टापटीप माणूस, शर्टाच्या खिशात ते पत्र. रामघाटावर अस्थी सोडल्या, आणि नंतर डॉक्टरबाईंनी त्यांना माझ्यासमोर आणून बसवलं. ठरलेलंच होतं तसं — ज्यानं माणसाला सांभाळलं, त्यानंच घरच्यांबरोबर बसायचं. मग काका दर गुरुवारी अर्धी रजा टाकून येत. आठ गुरुवार.

पहिल्या गुरुवारी मी विचारलं, तुम्ही आला का नाहीत? प्रश्नात धार होती, अजून होती. त्यांनी पत्र काढलं. म्हणाले, “हे वाचल्यावर कुठल्या तोंडानं येणार होतो? तिनं ‘यायचं असेल तर’ लिहिलंय. मला वाटलं, मी गेलो तर तिला त्रासच होईल.”

मी ऐकून घेतलं. ऐकायचंच काम होतं माझं.

तिसऱ्या की चौथ्या गुरुवारी त्यांनी ती तीन वाक्यं मला म्हणून दाखवली. न बघता. पाठ झाली होती त्यांची. डोळ्यांत पाणी होतं. म्हणाले, “इतकं चांगलं बोलता येत होतं तिला? मग माझ्याशी इतकी वर्षं का नाही बोलली? मी बायकोला ओळखलंच नाही हो.” हा माणूस बायकोसाठी रडत नव्हता. माझ्या वाक्यासाठी रडत होता. एक बाई मी बनवली होती, आणि तो तिचा शोक करत होता, आणि ज्या बाईनं रोज दुपारी त्याच्या बसची वाट पाहिली तिच्यासाठी कुणीच बसलेलं नव्हतं.

आणि मला — हे लिहायला हात धजत नाही — मला बरं वाटलं. त्या क्षणी. माझं लिहिलेलं कुणाला पाठ झालंय, ते ऐकून कुणी रडतंय, यानं छातीत काहीतरी फुललं. नंतर लाज वाटली. पण आधी बरं वाटलं.

एकदा त्यांनी विचारलं, “आईबद्दल काही बोलली का ती?” मी म्हटलं, “नाही.”

आता गोंधळ कुठे आहे ते सांगते. काका बदलले. खरंच बदलले. त्यांनी मला सांगितलं, त्या वाक्यानं त्यांना समजलं की नऊ वर्षं त्या घरात काय चाललं होतं. शेजारची सून तिच्या सासूचं करते, तिला काका रोज आवर्जून विचारतात, दमलीस का? मी ज्या पत्रकांवर वाढले त्यांनी आयुष्यात इतका बदल एका तरी माणसात केला असेल का? मग मी चुकले की नाही? वाक्य खरं होतं. अजूनही मला ते खरंच वाटतं. फक्त ते त्या बाईचं नव्हतं, आणि ती मरत होती, आणि तिला दुसरंच काहीतरी हवं होतं. हे दोन्ही मी डोक्यात एकत्र धरू बघते, आणि जमत नाही.

वर्षश्राद्धाला काकांनी मला बोलावलं. घाटावरचं उरकून सगळे दादांच्या घरी जेवायला आले, दहा-बारा माणसं. जेवणं झाल्यावर काकांनी पत्र काढलं आणि सगळ्यांसमोर वाचलं. बायकांनी पदर डोळ्यांना लावले. कुणीतरी म्हणालं, केवढी हिंमत होती विमलमध्ये.

दादा एकटे हातातला पानाचा विडा तसाच धरून बसले होते. मग म्हणाले, “हे विमीचं नाही.”

काका म्हणाले, “सही तिची आहे, दादा.”

“सही असेल. पण ती अशी बोलायचीच नाही. ती तर म्हणायची, जाऊ द्या ना दादा, होऊन गेलं. आणि रोज म्हातारीचा विषय काढायची — मी सोडून आली, मी सोडून आली. ते कुठे आहे यात?”

काका माझ्याकडे वळले. सगळेच वळले. “यांनीच लिहून घेतलंय. तुम्ही सांगा ना, शब्द तिचेच आहेत ना?”

तिथे जागा होती. मला कुणी ढकललं नव्हतं, कुणी धमकावलं नव्हतं. मी तेवीस वर्षांची होते, चौकात उभी राहून पोलिसांसमोर भाषण केलेली. मला फक्त एक शब्द म्हणायचा होता.

मी म्हटलं, “शब्द न् शब्द त्यांचा.”

दादांनी विडा ताटलीत ठेवून दिला.  मी निघाले तेव्हा ते दारापर्यंत आले. मी चपला घालत होते. म्हणाले, “सात वर्षं माझ्या घरात राहिली, बेटा. रोज चारला चहा घ्यायचो सोबत. मला वाटायचं, विमीला मी ओळखतो.”

त्यांचा आवाज अगदी साधा होता. तक्रार नव्हती त्यात. ते मला विचारत होते — त्या आठ खाटांच्या घरात काम करणारी मुलगी, हिला ठाऊक असेल, म्हणून.

मी त्यांच्या दंडावर हात ठेवला, आम्हाला शिकवलं होतं तसा. आणि म्हटलं, “शेवटी माणूस कधीकधी असं बोलतो, दादा, जे आयुष्यभर घरच्यांनाही माहीत नसतं.”

त्यांनी थोडा वेळ विचार केला. मग मान हलवली. त्यांना ते पटलं. दोन वर्षांनी ते गेले, तोवर पटलेलंच होतं.