उभ्यानं बांधलेला बस्ता

गेल्या वर्षी आमच्या दुकानात एका लग्नाचा अख्खा बस्ता उभ्यानं बांधला गेला.

हुमनाबादला आमचं कापडाचं दुकान आहे, जुन्या पद्धतीचं. पांढरी गादी, तक्के, गिऱ्हाईक मांडी घालून बसणार आणि आम्ही पुढ्यात लुगडी उलगडणार. माझे वडील, अप्पा, उभा जन्म या गादीवर बसले. मग त्यांना लकवा झाला आणि डावी बाजू गेली. बोलणं परत आलं, हातही बराच आला, पाय मात्र रुसला. मी (आदर्श चिरंजीव!) ठरवलं की त्या पायाला जमीनच दाखवायची नाही. पाणी हातात, ताट पुढ्यात, आणि दुकानाची पायरी माझ्या पाठीवर. गावात माझं केवढं कौतुक झालं!

आठ महिन्यांनी कलबुर्गीच्या डॉक्टरीणबाईंनी हाडांची तपासणी केली आणि ते सगळं कौतुक उतरवलं.

"डाव्या खुब्याचं हाड पातळ झालंय. पायावर भारच पडला नाही तर हाड टिकेल कसं? उद्या नुसते घसरून पडले तरी मोडेल, मग चालणं विसराच. यांना उभं कोण राहू देत नाही?"

अप्पांनी माझ्याकडं बोट केलं. क्षणाचाही विलंब नाही!

गोळ्या मिळाल्या आणि हुकूम मिळाला: दर तासाला दहा मिनिटं, आधार धरून, डाव्या पायावर भार देऊन उभं राहायचं. मी गादीशेजारी भिंतीत लोखंडी दांडा बसवून घेतला.

"मला दुकानाची पायरी माज्या पायानं उतरायची हाय," अप्पा म्हणाले. "तुज्या पाठीवरून न्हाई."

दुसऱ्या दिवशी अप्पा दांडा धरून उठले, आणि बसलेल्या बायका चपला शोधायला लागल्या. आमच्याकडं शेटजी गादीवरून उठला म्हणजे दुकान बंद!

"अक्का, बसा की! कामून निघालाव?" मी एकीला विचारलं.

"अप्पाच हुबे राहिले की! हाकलायलेत न्हवं आमाला?"

तेवढ्यात मुडबीहून बस्त्याला अकरा माणसं आली. पुढं नवऱ्या मुलाचे मामा, भरघोस मिशांचे. अप्पा उभे, म्हणून मामा उभे. मामा उभे, म्हणून बाकीचे दहा उभे.

"बसा मामा," मी म्हणालो.

"थोरला माणूस हुबा असताना बसायचं? आमाला काही रीत हाय का न्हाई?"

बस्ता हातचा जातो की काय, म्हणून मला घाम फुटला. मी धावत खुर्ची आणली. "अप्पा, पाव्हण्यांसाठी जरा बसा!"

"आठ म्हैने बसविलास," अप्पा म्हणाले. "आता पाव्हण्यांचं नाव सांगून बसवायलास? हाड कुणाचं हाय, माजं का पाव्हण्यांचं?"

अकरा जणांपुढं माझी पार उतरली. मामांनी सगळी हकीकत विचारून घेतली आणि फर्मान काढलं, "अप्पा, तुमी बसू नगा. आमीच हुब्यानं बगतो!"

झालं! शालू हवेत धरलेले, धोतरं खांद्यावर, नवरीची आत्या साड्या सोडून घड्याळ बघायलेली. "सात मिनटं झाली! आठ झाली!" अप्पांचा डावा पाय लटलटत होता, पण दहा मिनिटं भरली तरी ते बसेनात. त्यांनी दांडा सोडला. मी ओरडणार, तोच मामांनी माझं तोंड दाबलं! एक पाऊल, दुसरं, तिसरं, आणि अप्पांनी कपाटाला हात लावून जांभळा शालू काढला. "ह्यो बगा, नवरीला शोभंल."

(पुढच्या तपासणीत हाड आणखी पातळ झालं नव्हतं, हे इथंच सांगून टाकतो. आता पायरीही ते काठी टेकत स्वतः उतरतात.)

माझा ऊर अभिमानानं भरून आला. हे माझे वडील! डोळे भरले, आणि गुडघ्यातलं बळ गेलं ते माझ्या! मी मटकन त्या खुर्चीत बसलो आणि टॉवेलात तोंड घालून रडायला लागलो.

जीप लावून नवरीचे चुलते तेव्हाच आत आले. बघतात तर सगळं दुकान उभं आणि खुर्चीत मी एकटा. त्यांनी हळूच माझ्या खांद्यावर हात ठेवून अप्पांना विचारलं, "लकवा झाला म्हनत होते, ते ह्येच का?"

अप्पांनी शालूची घडी मोडता मोडता सांगितलं, "व्हय. पन सुदरायलाय हळूहळू."