पुनवेलेच मोजायची इहीर

नागपुरातल्या आमच्या गल्लीतल्या इहिरीत पानी किती हाय, थे फक्त नत्थूजीले ठाऊक राहे. मानूस सुतार. त्याच्यापाशी एक दोर होता, हाताहातावर गाठ मारलेला, खाली लोखंडाचा गोळा. पुनवेच्या सकाळी आंघोळ करून थो दोर सोडे, ओल्या गाठी मोजे आन् सांगे, पानी किती दिवस पुरन. महिन्यातून एकदाच. आमच्याकडे म्हनतात, पानी रोज मोजलं तं घटते. सतरा वर्षं त्याचा हिशेब चुकला नाई. गल्लीतले लोकं लगन-बारसं त्याले इचारून ठरवत.

जर्मनची लढाई सुरू होती, त्या साली होळीच्या पुनवेले चवदा गाठी ओल्या निघाल्या. चैताच्या पुनवेले दहा. नत्थूजीनं बोटावर मोजलं.

"महिन्यात चार हात गेलं. वैशाखी पुनवेले सहा हात राहीन. सुमतीचं लगन आरामात होते."

सुमती त्याची एकुलती एक पोरगी. त्याच पुनवेच्या तिसऱ्या दिवशी कुही गावाहून वरात येनार होती. तीनशे मानूस.

त्याची बायको रुखमाबाई म्हने, "पन ऊन तं वाढूनच राहिलं ना?"

"तू पोळ्या मोज वं. पानी मले मोजू दे."

मी त्याच्या हाताखाली सुतारकाम शिकत होतो, हे आयकत तिथंच उभा होतो. पाडव्याले कोनी नसताना मी चोरून दोर सोडला होता. तेरा गाठी. म्हनजे पहिल्या पंधरा दिवसांत एकच हात गेलं, आन् पुढच्या पंधरा दिवसांत तीन. महिन्याचे चार हात, हे खरं. पन पानी सारख्या चालीनं कुठं चाललं होतं? थे तं धावाले लागलं होतं. चौथीतून शाळा सोडली मी, पन इतकं मलेही समजते.

शेवटी सांगून टाकलं. नत्थूजीचा रंधा थांबला.

"पाडव्याले मोजलं तू? काहून गा? म्हनूनच तं धावलं थे!"

"काकाजी, मंग आज पुन्हा मोजा."

"पुनवेलेच."

मंग आजूबाजूच्या इहिरी आटल्या. सारे आमच्याच इहिरीवर घागरी घेऊन येऊ लागले. रुखमाबाई म्हने, "अडवा ना यायले!" नत्थूजी म्हने, "पान्याले नाई म्हनाव का?" पुनवेले आठ दिवस राहिले आन् बादली खडकावर वाजली. लगनाचा पाट घडवता घडवता त्यानं थो आवाज आयकला. मान वर केली नाई.

पुनवेले एकच गाठ भिजली, थेही चिखलानं.

कुहीले निरोप गेला. तिकडून उत्तर आलं, पोरगी घेऊन या, आमच्या अंगनात लगन लावू. पोरीच्या बापाले याच्यापेक्षा खाली पाहाले लावनारं दुसरं काय असते?

"सतरा वर्षं हिशेब, आन् पोरीच्याच लगनात फसला," गल्लीतली प्रयागबाई इहिरीवर म्हनली.

मले राहवलं नाई. "त्याचा नाई फसला! मी चोरून मोजलं, म्हनून आटलं पानी. मले मारा!"

प्रयागबाईनं खरंच एक ठेवून देली. नत्थूजी समोरच उभा होता. मी खोटं बोललो, मले ठाऊक होतं. त्याले ठाऊक होतं का, थे मले आजही सांगता येत नाई.

बैलगाड्या कुहीले निघाल्या. जिथं गाडी थांबे, तिथल्या इहिरीत थो डोकावून पाहे.

लगन लागलं, अक्षता पडल्या, आन् बाप मांडवात दिसेना. मी सरळ तिथल्या इहिरीवर गेलो. नत्थूजी काठावर बसला होता, घरून आनलेला आपला दोर आत सोडून. पुनव होऊन तीन दिवस झाले होते.

"किती हाय, काकाजी?"

"अकरा." त्यानं दोर वर वढला, गाठी पुन्हा मोजल्या. "पन एकदा मोजून काय समजते गा? उद्या पुन्हा सोडून पाहाव लागन. परवाही."

उद्या पहाटे तं आमच्या गाड्या नागपूरले निघनार होत्या.