टायर न विकणाऱ्या अक्का

अक्कांच्या दुकानात टायर मागून मिळत नसे. अमुक कंपनीचा, तमुक मापाचा असं सांगत गिऱ्हाईक आत आलं, की अक्का त्याला बाकावर बसवत आणि विचारत, "गाडी कुटं कुटं जाती, ते सांग आधी." घाईतलं गिऱ्हाईक वैतागायचं. अक्का शांतपणे म्हणायच्या, "घाई असंल तर पुढं लई दुकानं हाईत की." आणि खरंच जाऊ द्यायच्या. चार टायरचं गिऱ्हाईक उठून गेलं तरी त्यांच्या चेहऱ्यावरची रेघ हलत नसे.

सोलापुरात अक्कलकोट रोडला पत्र्याच्या शेडमध्ये त्यांचं दुकान होतं. माहेर, सासर दोन्ही अक्कलकोटच्या पलीकडचं. त्यामुळे घरात कानडी, दुकानात मराठी, आणि राग आला की दोन्ही. दुकान खरं तर त्यांच्या यजमानांचं, अण्णांचं. पण अण्णांना परक्या माणसाशी बोलायचा भारी संकोच. लग्नानंतर अक्का डबा घेऊन दुकानात यायच्या, तेव्हा अण्णा गप्प आणि गिऱ्हाईक ताटकळलेलं, हे बघून त्याच बोलायला लागल्या. पुढे कामं आपोआप वाटली गेली. टायर निवडायचे अक्कांनी, चढवायचे कारागिरांनी आणि चहा करायचा अण्णांनी. अण्णांना त्यात कधी कमीपणा वाटला नाही. चहा मात्र ते फार मन लावून करत.

जुन्या टायरवरून अक्का तळहात फिरवत, आधी पुढून मागे, मग मागून पुढे. तेवढ्यावर त्यांना गाडीवाल्याचा स्वभाव कळायचा. एका प्राध्यापकांना त्यांनी विचारलं होतं, "सर, वळणावर लई जोरात जाता का?" प्राध्यापक बिचारे बायकोकडे बघायला लागले. हवेबद्दलही त्यांचं मत ठाम होतं. सकाळी गाडी हलायच्या आधी हवा बघायची. "आपल्या उन्हात दुपारचा काटा खोटं बोलतोय," असं त्या म्हणत.

माझी कुंभारीला रोपवाटिका आहे. मिरची, टोमॅटो, पपई, शेवगा यांची रोपं ट्रेमध्ये भरून मी टेंभुर्णीपर्यंत पोचवतो. त्यासाठी पिकअप घेतली आणि वर्षभरात माझ्या डोक्यात टायरचं खूळ शिरलं. मोबाइलवर कुणीतरी पिकअपला मोठमोठ्या ठोकळ्यांचे टायर लावून नदी ओलांडताना दाखवलं होतं. तसे टायर आपल्या गाडीला किती शोभतील, या विचाराने मी चार दिवस झोपेतसुद्धा खूश होतो. कारण सांगायला तयार होतं. शेतावर जावं लागतं, काळी माती असते, गाडी रुतते.

अक्कांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "आठ दिवस लिहून ठेव. डांबरावर किती चाललास, मातीत किती."

मी लिहिलं. खोटं लिहायचा मोह झाला, पण लिहिलं खरं. शंभरातले पंच्याण्णव किलोमीटर डांबर, उरलेले पाच माती. त्या पाचांतही निम्मी वाट मुरमाची.

कागद बघून अक्का म्हणाल्या, "मग पाचासाठी पंच्याण्णवाला कशाला तरास? टायर रस्त्याला टेकतो किती, तर आपल्या पंज्याएवढा. त्यातलं निम्मं तू त्या खाचांना देऊन टाकणार. कोरड्यात आवाज करतील, डिझेल खातील, ते एक राहू दे. पण पावसात ब्रेक दाबलास तर धरायचं कशानं?"

"पण अक्का, मातीत रुतलो तर?"

"रुतलास तर चार माणसं ढकलतील. रस्त्यावर घसरलास तर कोण ढकलणार?"

मला ते लागलं. गाडी माझी, हौस माझी आणि या बाई मला शिकवणार. मी आठवड्याभरात हायवेच्या एका दुकानातून हवे तसे टायर बसवून घेतले. तिथे कुणी काही विचारलं नाही. गाडी रुबाबदार दिसायला लागली. ऐंशीच्या पुढे गेलं की चक्की सुरू असल्यासारखा आवाज यायचा, तोही मला तेव्हा आवडायचा.

सप्टेंबरात टेंभुर्णीला रोपं घेऊन निघालो होतो. सुनीता, माझी बायको, शेजारी बसली होती. तिथल्या एका बाईंशी तिला नवीन ऑर्डरचं बोलायचं होतं. सकाळी लवकर उठल्यामुळे तिचा डोळा लागला होता. बारीक पाऊस पडून गेला होता आणि रस्ता चकचकत होता. पुढच्या टेम्पोने अचानक ब्रेक लावला. मीही लावला. चाकं थांबली, गाडी थांबली नाही. ती साबणावरून जावी तशी सरकत डावीकडे उतरली आणि लिंबाच्या झाडाला घासली. ती बाजू सुनीताची होती. तिचं खांद्याजवळचं हाड मोडलं.

माणसं धावून आली. मागे मिरचीची रोपं चिखलात पसरली होती. सुनीता वेदनेने पांढरी पडली होती, आणि तिने विचारलं, "काय झालं?"

मी म्हणालो, "कुत्रं आडवं आलं."

का म्हणालो, हे मला आजही नीट सांगता येत नाही. तोंडातून गेलं आणि मग तेच खरं म्हणून सगळ्यांना सांगत राहिलो. डॉक्टरांना, सासऱ्यांना, शेजाऱ्यांना. प्रत्येक वेळी ते कुत्रं जास्त स्पष्ट होत गेलं. एकदा तर मी त्याचा रंगही सांगितला.

महिन्याभराने गाडी दुरुस्त होऊन आली. आता त्या टायरवर बसायची माझी हिंमत नव्हती. अक्कांकडे जायला निघालो, तर सुनीता म्हणाली, मीपण येते. तिचा हात झोळीत होता. मी तिला थांबवायला काही कारण शोधू शकलो नाही.

अक्का गाडीभोवती एक चक्कर मारून आल्या. टायर बघितले, पत्रा बघितला, मग सुनीताचा हात. सुनीताने सरळ विचारलं, "अक्का, टायर तर नवे होते. कुत्रं आडवं आलं म्हणून गाडी एवढी घसरते का?"

अक्कांनी माझ्याकडे बघितलं. मी जमिनीकडे. माझ्या नोंदीचा कागद त्यांच्या टेबलाच्या काचेखाली अजून होता.

"पाण्यात घसरते बाई," अक्का म्हणाल्या. "जा, आत अण्णाकडं चहा घे. बसून घे."

ती आत गेली. मी म्हणालो, "अक्का, चुकलं."

"मला कशाला सांगतोस? माझं काय मोडलंय?" त्यांचा आवाज अजिबात चढला नव्हता. "तिला तूच सांग. मी सांगितलं तर टायरची गोष्ट हुईल. तू सांगितलंस तर घरातली हुईल. आज टायर बदलणार न्हाय मी. सांगून ये."

त्या दिवशी त्यांनी मला टायर विकले नाहीत.

घरी येऊन मी सुनीताला सांगितलं. अक्कांनी नको म्हटलं होतं, मी हट्टाने घेतले, कुत्रं नव्हतं. ती ओरडली असती तर बरं झालं असतं. तिने फक्त विचारलं, "माझ्या वडिलांनाही कुत्रंच सांगितलंस ना?" मी मान हलवली. "त्यांनाही सांग," ती म्हणाली आणि आठ दिवस माझ्याशी कामापुरतं बोलली. सासऱ्यांना फोन करणं मला त्या अपघातापेक्षा जड गेलं. पण केला.

नंतर आम्ही पुन्हा दुकानात गेलो. अक्कांनी आमच्या दोघांच्या तोंडाकडे एकदा बघितलं आणि बाकावर सुनीताला जवळ बसवून घेतलं. टायर तिला दाखवले, मला नाही. मधली पट्टी सलग आहे, डांबराला ती चिकटून राहते. कडेला खाचा मोकळ्या आहेत, पण फार नाहीत, शेताच्या वाटेला तेवढ्या पुरतात. हा आकडा वजनाचा, रोपं ओली असली की भार वाढतो, म्हणून यात कमी घ्यायचं नाही. हे चार अंक म्हणजे टायर कुठल्या आठवड्यात, कुठल्या साली बनला ते. सुनीताने एकेक अंक बोट ठेवून वाचला आणि चारांतला एक टायर बाजूला काढला. "हा दोन वर्षं जुना आहे." अक्का हसल्या. त्यांनी तो मुद्दाम ठेवला होता, की खरंच नजरचूक होती, कळलं नाही. अक्का कारागिराला कानडी मिसळून म्हणाल्या, "बेडा, ह्यो नको. बाई म्हणतीया तसं कर."

हाड जुळल्यावर सुनीता गाडी शिकली. मंद्रूपच्या बाजाराला आता तीच जाते. अधूनमधून विनाकारण अक्कांकडे थांबायची. दोघी काय बोलायच्या ते मी विचारलं नाही.

मग अक्कांचे गुडघे गेले. दुकानात उठबस होईना. अण्णा एकटे गिऱ्हाइकाशी बोलणार नाहीत, हे सगळ्यांना ठाऊक होतं. दुकान बंद करून दोघं गावी राहायला गेली. त्यांचं सामान आमच्याच पिकअपमधून नेलं. सुनीता चालवत होती, अक्का तिच्या शेजारी, अण्णा खिडकीशी, आणि मी मागे कपाटाला धरून. गावच्या अलीकडे चिखलाची वाट लागली, ती गाडीने सहज काढली. अक्कांनी त्याबद्दल एक शब्द काढला नाही. उतरल्यावर सुनीताला म्हणाल्या, "गियर जरा लवकर टाकतीस."

गेल्या उन्हाळ्यात अक्का गेल्या. आम्हाला तिसऱ्या दिवशी कळलं. गावी गेलो तेव्हा अण्णा ओसरीत बसले होते. आम्ही त्यांच्याजवळ टेकलो. सुनीताने त्यांना ती सगळी हकिगत सांगितली. खोटं कुत्रं, "तिला तूच सांग" म्हणणं, टायर न विकणं. तिला वाटलं, अण्णांना बरं वाटेल, आपल्या माणसाची आठवण निघाली म्हणून.

अण्णा सगळं ऐकत राहिले. त्या दिवशी दुकानात ते दहा फुटांवर चहा करत होते.

"मला यातलं काहीच म्हाईत न्हाय," ते म्हणाले. "त्या दिवशी तुमी गेल्यावर मी इचारलं होतं की, चार टायर का दिले न्हाईस म्हणून. मला म्हणाली, त्या मापाचं शिल्लक न्हाईत."