अप्पळमचा पापड

शाळेने माझ्या नातीला फसवलं. "घरची भाषा वर्गात आणा, तिचा मान राखू," असं त्यांनीच सांगितलं होतं. तंजावुरात आमच्या घरी पिढ्यान्‌पिढ्या मराठी बोलतात, म्हणून पोर उभी राहून म्हणाली, "आई अप्पळम तळते."

टीचरबाईंनी फोनमध्ये पाहिलं आणि सगळ्यांसमोर तिला दुरुस्त केलं. अप्पळम तमिळ आहे, मराठीत पापड म्हणतात. वर्ग हसला. बाईंना स्वतःला मराठीचं अक्षर येत नाही!

मी दुकान टाकून तडक शाळेत गेलो. पितळी भांड्यांचा धंदा मी शून्यातून उभा केलाय. पोकळ माल मला वाजवून बघावा लागत नाही.

टीचरबाई म्हणाल्या, "रागावू नका, सार. वार्षिकोत्सवात तिला नऊवारी नेसवू, हातात लेझीम देऊ."

"मॅडम, आमच्या घरात लेझीम कुणी पाहिलंय? तिचा शब्द परत द्या. माझी आजीही अप्पळमच म्हणायची."

"पण फोनमध्ये तसं नाहीये, सार."

आता मी मराठीत विचारतो आणि नात तमिळमध्ये उत्तर देते. म्हणते, "तात्ता, माझं मराठी चुकतं."

तिचं चुकतं हे ठरवणाऱ्या बाईंनी त्याच वर्गासमोर उभं राहून सांगावं, कुणाचं चुकलं.