मोटरीला बांधलेली चिठ्ठी

ती मोटर मला आजही आठवते. पोलीस ठाण्याच्या मागच्या अंगणात, पाण्याच्या टाकीखाली ती जळून पडली होती आणि तिच्या दुरुस्तीचा प्रस्ताव दोनदा वर जाऊन परत आला होता. एखाद्या चौकशीत तिचा उल्लेख येईल, असे तेव्हा कोणालाही वाटले नसते. मी लिहायला फार उशिरा बसलो आहे. मला सवय जबाब नोंदवण्याची, त्यामुळे घडले तसे क्रमाने सांगतो.

पुंडलिकनगर परिसरात निराधार अनुदान घेणाऱ्या आणि पिवळ्या शिधापत्रिकेवरील कुटुंबांतल्या महिलांसाठी मोटर रिवाइंडिंगचा, म्हणजे जळालेल्या मोटरीत तांब्याची तार नव्याने भरण्याचा, मोफत वर्ग चालत असे. वर्गाच्या शेवटच्या आठवड्यात ठाण्यात एक निनावी अर्ज आला. हजेरीपटावर ज्या बाईचे नाव रोज लागते, ती त्याच वेळी दौलताबादला किल्ल्यासमोर पेरू विकत बसलेली असते, असा त्यात मजकूर होता. तोतयेगिरीचा आरोप हलका नसतो. वरिष्ठांच्या परवानगीने मी प्राथमिक चौकशी सुरू केली आणि एका हवालदाराला साध्या वेशात पाठवले. तो दुपारी पिशवीभर पेरू घेऊन परतला.

"बाई तिथंच आहे, साहेब. नाव तिनं स्वतःच्या तोंडानं सांगितलं."

"आणि ही पिशवी?"

"बोलतं करायला काहीतरी घ्यावंच लागतं ना, साहेब."

पेरूंची नोंद मी डायरीत घेतली नाही.

वर्गाकडून हजेरीपट मागवला, तेव्हा प्रशिक्षकांनी त्याच नावाने जमा झालेली तारेची एक कॉइलही पाठवली. त्या वर्गाची एक शिस्त होती. काम पूर्ण झाले की ज्याने ते केले त्याच्या नावाची चिठ्ठी दोऱ्याने त्याला बांधायची. काम बिघडले तर कोणाला विचारायचे ते कळावे, हा हेतू. या कॉइलला पेरूवालीच्या नावाची चिठ्ठी होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिला बोलावले. तिच्याबरोबर तिची भावजय आली. भाऊ वारलेला, भावजय निराधार अनुदानावर एका मुलीला सांभाळणारी. ती दाराजवळच्या बाकावर पदर आवळून बसली. मी कॉइल टेबलावर ठेवली.

"वर्गाला तुम्ही जाता?"

"व्हय सायेब, म्याच जाते."

"मग पेरू कोण विकतं?"

"ते बी म्याच."

"एकाच वेळी?"

तिने नजर वळवली. आमच्या महिला हवालदार म्हणाल्या, "बाई, दोन ठिकाणी एकदम बसायची विद्या आम्हालाबी शिकवा. बंदोबस्ताला कामाला येईल." बाई हसली नाही. मी जरा कडक स्वरात विचारले, "हे तुम्ही केलंय ना? मग कसं केलं ते दाखवा."

तिने कॉइल उलटसुलट करून पाहिली. मग पदराची सेफ्टी पिन काढली आणि तिच्या टोकाने तारा सोडवू लागली. बाकावरची भावजय ताडकन उठली.

"ओ ताई, पिन नका लावू! वरचं वार्निश निघालं का तार तारेला भिडती, मग लई खराबा व्हतो!"

बोलून झाल्यावर आपण काय केले ते तिला कळले. पेरूवालीने पिन परत पदराला लावली आणि कपाळावर हात मारला. "काय वैनी! दोन दिवस तोंड शिवून बसा म्हनलं होतं ना!"

मी भावजयीला समोरच्या खुर्चीवर बसवले. आता प्रश्न एकच उरला होता. स्वतः पात्र असताना तिने नणंदेच्या नावाने का शिकावे?

"गावात समदे म्हनत्यात, सायेब, शिक्षन घेतलं का निराधारातून नाव काटत्यात. माझा पगार बंद झाला तर पोरीची शाळा बंद. म्हनून ताईचं नाव लावलं, तिचं बी पिवळं कार्ड हाय. हात तर माझेच हायेत."

त्या अनुदानाला आमच्याकडे लोक पगारच म्हणतात. शनिवारी वर्गाची प्रात्यक्षिक परीक्षा होती, आणि उत्तीर्ण होणाऱ्यांना काम देण्याची तयारी एका दुरुस्ती कारखान्याने दाखवली होती. गुन्हा दाखल झाला असता तर परीक्षा, काम आणि कदाचित अनुदानही, सारेच गेले असते. काम खरेच तिला येते का, हे पाहायला मी तिला मागच्या अंगणात नेऊन ती जळालेली मोटर दाखवली. झाकण काढून तिने आत वाकून पाहिले.

"सगळीकडून सारखीच काळी पडलीया. लई येळ चालू राहिली, कुनी बंदच केली नाय."

हवालदाराने मान खाली घातली. "टाकी भरत होतो, साहेब, तेवढ्यात फोन आला."

त्याच दुपारी मी महिला हवालदारांसह दोघींना तहसील कार्यालयात नेले. तिथल्या लिपिकाने सांगितले, "शिकल्यानं अनुदान बंद होत नाही, बाई. कोणी सांगितलं?"

"आन काम लागल्यावर?"

"तेव्हा उत्पन्न बघावं लागेल. मर्यादेच्या वर गेलं तर बंद होईल."

भावजय माझ्याकडे वळली. तिने विचारले, "परीक्षा शनिवारीच हाय ना, सायेब?"

चुकीचे नाव वापरले गेले, परंतु कोणाची फसवणूक करून लाभ घेतल्याचे दिसत नाही, असा अहवाल मी दिला. वर्गाची तक्रार नव्हती. प्रतिज्ञापत्र घेऊन त्यांनी हजेरीपटावरील नाव बदलले, दोघींना लेखी समज दिली गेली आणि वरिष्ठांनी अर्ज निकाली काढला. तो अर्ज करणारा गृहस्थ पुढे स्वतःच ठाण्यात आला. त्याची मुलगी प्रतीक्षा यादीत होती. त्याने लिहिलेले खरेच होते, त्यामुळे त्याच्यावरही मला रागावता आले नाही. पुढच्या तुकडीत त्याच्या मुलीला प्रवेश मिळाला.

"का केलं?" हा प्रश्न मी नोकरीभर जबाबाच्या अखेरीस विचारत आलो होतो. खोटे बोलणारा आणि घाबरलेला, दोघेही नजर चुकवतात. माझा कडक स्वर दोघांनाही सारखाच गप्प करतो, हे मला त्या खोलीत उमगले. निवृत्तीपर्यंतच्या उरलेल्या काळात तो प्रश्न मी आधी विचारू लागलो.

काही महिन्यांनी आमचा प्रस्ताव एकदाचा मंजूर झाला आणि मोटर दुरुस्तीला गेली. परत आली तेव्हा हवालदार मला हाक मारून अंगणात घेऊन गेला. मोटरीवरच्या तारा जोडायच्या पेटीला पांढऱ्या दोऱ्याने चिठ्ठी बांधलेली होती. अक्षर जरा वाकडे, पण ठसठशीत. नाव, नवऱ्याचे नाव, आडनाव, सगळे पूर्ण, आणि सगळे तिचे स्वतःचे.

अशा लेखात कोणाचेही नाव द्यायचे नसते, म्हणून मीही दिलेले नाही. इतरांची नावे गाळताना काही वाटले नाही. तिचे गाळताना मात्र पेन दोनदा थांबले.