मावशीने लॅपटॉप मिटला

मित्रांनो, आज दुपारी बाबांना निरोप देऊन आलो. डोकं शांत होत नाहीये, म्हणून लिहितोय.

ताई कॅनडात असते. तिला पोहोचणं शक्यच नव्हतं. म्हणून सकाळी जोगेश्वरीच्या घरी बाबांच्या उशाशी लॅपटॉप ठेवून तिला व्हिडिओ कॉल लावून दिला. त्रिशरण-पंचशील घ्यायची वेळ झाली, तेव्हा मेणबत्त्यांना जागा हवी म्हणून मावशीने लॅपटॉप मिटून बाजूला सरकवला. तिला काय माहीत?

मला माहीत होतं. हा लिनक्सवाला लॅपटॉप मिटला की झोपतो. उघडला की उठतो, पण त्याचं वायफाय चालवणारा ड्रायव्हर उठत नाही. इलाजही माहीत होता. झोपण्याआधी ड्रायव्हर काढायचा, उठल्यावर परत चढवायचा, एवढी छोटीशी स्क्रिप्ट. ऑफिसात सगळ्यांच्या मशीनवर मीच टाकलीय. घरच्या मशीनवर मात्र 'रिस्टार्ट केलं की चालतं ना यार' म्हणत वर्ष काढलं.

आजही लॅपटॉप उघडल्यावर कॉल तुटलेला दिसला, तेव्हा सवयीने रिस्टार्टच केलं. खिशात फोन होता, त्यावरून कॉल लावायचं सुचलंच नाही. स्क्रीनवर गोल चक्र फिरत राहिलं आणि मागून काका ओरडले, "अरे, खांद्याला ये!"

संध्याकाळी ताईला फोन केला. वाटलं, शिव्या घालेल. ती एवढंच म्हणाली, "मी हात जोडूनच बसले होते रे. वाटलं, आत्ता दिसतील."

आत्ता स्क्रिप्ट टाकली. पाच मिनिटंसुद्धा लागली नाहीत.

तुमच्या घरात 'चालतंय ना' म्हणून काय तसंच ठेवलंय?